देवापुढे लहान होणे: गोदा-मांजरा खोऱ्यातील परंपरा

देवापुढे लहान होणे माणसाला आपोआप जमत नाही, ते शिकावे लागते, असे मराठवाड्यातले बहुतेक भक्तिसंप्रदाय धरून चालतात. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांची सुरुवात अमानित्वापासून, म्हणजे मानाची हाव नसण्यापासून होते. ज्ञानेश्वरांनी त्या लक्षणाचा ऐसपैस विस्तार केला आहे. मात्र लक्षण वाचले म्हणून अंगी येत नाही. ते अंगी कसे आणायचे याची उत्तरे ग्रंथांपेक्षा कथांत आणि रोजच्या रीतींत अधिक सापडतात. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे, आणि त्यांच्या शिवेला टेकलेला हिंगोली, परभणी, धाराशिव व बिदरचा पट्टा, या बाबतीत विलक्षण श्रीमंत आहे. वारकरी, महानुभाव, लिंगायत, शीख, सूफी असे सगळे प्रवाह इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदले.

या सर्वांच्या कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट नजरेत भरते. ज्याला वाकायला शिकवायचे, त्याच्यापाशी काहीतरी असते: विद्या, पैसा, सिद्धी, नाहीतर देवाशी असलेली सलगी. शिकवणारा मात्र व्यवहारात त्याच्याहून खालचा मानलेला निघतो. कुंभार, हमाल, मोलकरीण, नाभिक. नम्रतेचा धडा वरून खाली दिला जात नाही, तो खालून वर जातो. पुढील विवेचन याच धाग्याने केले आहे.

पहिली कथा सर्वांना पाठ असलेली. हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नामदेव, आणि लातूरपासून जवळच्या तेरचे गोरा कुंभार. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवले आणि या मडक्यांपैकी कच्चे कोणते ते पाहा म्हटले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे मुकाट बसले, नामदेव तेवढे रागावले. मडके कच्चे ठरले. गंमत अशी की नामदेव भक्तीत कुठेही कमी नव्हते; देव त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या हातचे जेवत होता. उणीव नेमकी त्या सलगीत होती. पंढरपूरला जाऊन गाऱ्हाणे केले तर विठ्ठलानेही कुंभाराचीच बाजू घेतली आणि त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. पिंडीवर पाय टाकून झोपलेल्या विसोबांची कथा औंढा नागनाथला सांगतात. पिंडी नसेल तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले, आणि जिथे पाय ठेवावेत तिथे पिंडी उभी राहिली. परंपरेत हे विसोबाही आधी ज्ञानेश्वर भावंडांना छळणारे होते. म्हणजे गुरूनेही हाच अभ्यास पूर्वी करून झालेला होता.

महानुभावांकडे हीच गोष्ट खराट्याच्या रूपाने येते. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तात्रेयप्रभूंचे स्थान. फलटणचे चांगदेव राऊळ, म्हणजेच चक्रपाणी, माहूरला आले असता दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपाने येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला, असे महानुभाव मानतात. शक्ती मिळालेला पुरुष पुढे काय करतो? द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला, जातो आणि हातात खराटा व सूप घेऊन गल्ल्या झाडतो. लीळाचरित्राने हे दोन्ही प्रसंग नोंदले आहेत, आणि ते रचणारे म्हाइंभट हेही एके काळी पंथसंस्थापक चक्रधरांना वादात जिंकायला निघालेले विद्वान होते.

वादाला निघालेल्या पंडितांची परंपरा नांदेडलाही आहे. वामनपंडितांचे शेषे घराणे मूळ नांदेडचे मानले जाते. आपल्याला जिंकणारा कुणी नाही या तोऱ्यात ते दिवसाही मशाली पेटवून हिंडत, आणि एका रात्री झाडावरच्या ब्रह्मराक्षसांच्या तोंडून, ही जागा वामनपंडितासाठी राखून ठेवली आहे, असे ऐकून ताळ्यावर आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला इतिहासाचे वजन देण्याचे कारण नाही. पण विद्येचा माज माणसाला झाडावर लटकवतो, हे सांगायला लोकांनी नेमका सर्वांत विद्वान कवी निवडला, यात लोकांचे शहाणपण दिसते.

या विषयावर सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे ते मात्र अलीकडच्या माणसाच्या चरित्रात. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजे दासगणू महाराज (१८६८–१९६२). जन्म नगरजवळच्या अकोळनेरचा, नोकरी पोलीस खात्यात, नाद लावण्या रचण्याचा आणि तमाशाचा, महत्त्वाकांक्षा फौजदार होण्याची. साईभक्त नाना चांदोरकरांबरोबर ते शिर्डीला साईबाबांकडे गेले. नोकरी सोडल्यावर त्यांचे वास्तव्य नांदेडला झाले, आणि उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव आज त्यांच्या प्रतिष्ठानामुळे ओळखले जाते. ‘श्रीगजानन विजय’ ही त्यांची पोथी महाराष्ट्रभर वाचली जाते. एवढा लोकप्रिय संतकवी, एवढा नावाजलेला कीर्तनकार. पण गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या साई सच्चरितात त्यांच्या ज्या गोष्टी येतात, त्यांतल्या काहींत त्यांना काहीतरी उतरवून ठेवायला लावलेले आहे.

आधी अंगरखा. नारदीय कीर्तनकार अंगरखा, उपरणे, फेटा असा जामानिमा करून उभा राहतो. दासगणू तसे सजून कीर्तनाला निघाले आणि नमस्काराला गेले, तेव्हा नवरदेवासारखे नटून कुठे चाललात, असे साईबाबांनी विचारले. हे सगळे कशाला, काढून टाका, म्हणाले. दासगणूंनी तिथल्या तिथे कपडे उतरवले आणि त्यानंतर कमरेच्या वर उघडेच, हातात चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यावर कीर्तने केली. प्रसंग लहान वाटतो. पण कीर्तनकाराचा पोशाख हा त्याच्या अधिकाराचा भाग असतो. श्रोते आधी फेट्याला पाहतात आणि मग शब्द ऐकतात. तो उतरल्यावर माणूस आणि त्याचा आवाज एवढेच उरते. नम्रतेचा उपदेश न करता फक्त एक कापड काढायला लावणे, ही शिकवण्याची तऱ्हा फार नेमकी आहे.

मग विद्या. दासगणूंनी ईशावास्योपनिषद मराठी ओवीत आणायला घेतले. हे उपनिषद अठरा मंत्रांचे, शुक्ल यजुर्वेदातले, आकाराने अगदी छोटे. सारे जग ईश्वराने व्यापले आहे आणि त्यागाने भोग घ्यावा, असा त्याचा आरंभ आहे. त्याग आणि भोग एका श्वासात कसे येतात, हे उलगडेना. पंडितांशी चर्चा करूनही समाधान होईना. शिर्डीला विचारले तर उत्तर मिळाले की साईभक्त काकासाहेब दीक्षितांच्या पार्ल्याच्या घरची मोलकरीण तुमची शंका फेडील. ऐकणाऱ्यांना ही थट्टा वाटली. दासगणू मात्र विलेपार्ल्याला गेले. या गोष्टीतला नम्रतेचा क्षण शंका फिटण्याच्या आधीच येऊन जातो: उपनिषदाचा भाष्यकार मोलकरणीकडे शिकायला म्हणून गाडीत बसतो, तिथे.

सकाळी एक आठ वर्षांची पोर भांडी घासत नारिंगी रंगाच्या लुगड्याचे, त्याच्या काठपदराचे गाणे म्हणत होती. अंगावर चिंध्या होत्या. दासगणूंना कणव आली आणि त्यांच्या सांगण्यावरून रावबहादूर मोरेश्वर विश्वनाथ प्रधानांनी तिला लुगडे दिले. दुसऱ्या दिवशी ती ते नेसून फुगड्या खेळली, नाचली. तिसऱ्या दिवशी लुगडे पेटीत ठेवून पुन्हा फाटक्या कपड्यांत आली, आणि तशीच आनंदात होती. असूनही न वापरणे म्हणजे काय, आणि आनंद वस्तूला बांधलेला नसतो म्हणजे काय, हे भाष्यकाराने तिथे पाहिले. ‘ईशावास्यभावार्थबोधिनी’ या त्यांच्या रचनेमागे ही हकिकत आहे.

एक गोष्ट इथे नोंदलीच पाहिजे. घरच्या गड्याचे नाव सच्चरितात येते, नाम्या. ती त्याची बहीण. तिचे नाव मात्र येत नाही. धडा मिळाला तो पंडिताला. पोरीला लुगडे मिळाले, आणि ती तिसऱ्या दिवशीही भांडी घासतच होती. गोष्ट भक्तीची म्हणून वाचताना हे सुटते. ते सुटू नये.

नांदेडच्या मातीतली या तोडीची दुसरी हकिकतही सच्चरितातच आहे आणि तिच्यातही दासगणू आहेत. रतनजी शापुरजी वाडिया हे नांदेडचे पारशी व्यापारी आणि ठेकेदार. पैसा, शेतीवाडी, गाडीघोडे सर्व होते, मुलगा नव्हता. दासगणूंनी त्यांना शिर्डीचा रस्ता दाखवला. बाबांनी पाच रुपये दक्षिणा मागितली आणि त्यांतले तीन रुपये चौदा आणे आपल्याला आधीच पोचले आहेत, उरलेले द्या, असे सांगितले. रतनजी पूर्वी शिर्डीला गेलेच नव्हते. नांदेडला परतल्यावर कोडे दासगणूंसमोर आले. त्यांना आठवले की निघण्यापूर्वी रतनजींनी मौलीसाहेबांचा आदरसत्कार केला होता. मौलीसाहेब हे नांदेडमध्ये हमाली करणारे मुसलमान सत्पुरुष. त्या पाहुणचाराच्या खर्चाचा हिशेब काढला, तो बरोबर तीन रुपये चौदा आणे निघाला.

चमत्कार मानणाऱ्याने तो चमत्कार मानावा. पण कथेची रचना पाहिली तर तिचा रोख निराळा आहे. ठेकेदाराने हमालाला जेवू घातले, ते देवाच्या खात्यात रुपया-आण्याने जमा झाले. ओझी वाहणाऱ्यापुढे मांडलेले ताट आणि देवापुढे ठेवलेली दक्षिणा यांची वही एकच. आणि हिशेब ही व्यापाऱ्याची भाषा असल्याने त्याला ती लगेच समजली. दासगणूंना कापडातून शिकवले, रतनजींना हिशेबातून. ज्याची जी मिजास, त्याच दारातून धडा आत आला.

नांदेडचे नाव देशभर पोचले ते दासगणू-रतनजींच्या दोनशे वर्षे आधी. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये गोदावरीकाठी आले. काठावर माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. हा मूळचा राजौरीचा लछमनदेव. शिकारीत मारलेल्या हरिणीच्या पोटात पिले निघाल्याने विरक्त झालेला, आणि नंतर सिद्धींच्या बळावर दबदबा मिळवलेला. त्याच्या पलंगावर बसलेल्याला तो मंत्रबळाने उलथून टाकी, असे सांगतात. गुरू त्याच पलंगावर जाऊन बसले. सिद्धी चालली नाही, आणि कोण तू असे विचारल्यावर माधोदासाने स्वतःला गुरूंचा बंदा, म्हणजे दास, म्हणवले. नदीकाठचा बंदा घाट गुरुद्वारा त्याची आठवण ठेवतो.

यानंतरचा इतिहास नम्रतेविषयीची एक सोपी समजूत मोडणारा आहे. वाकलेला माणूस गप्प बसून राहतो, अशी ती समजूत. हा माधोदासच पुढचा बंदासिंग. तो उत्तरेला गेला, मे १७१० मध्ये त्याने सरहिंद घेतले, आणि जून १७१६ मध्ये दिल्लीत हालहाल होऊन मारला गेला. पण सत्ता हाती आल्यावर त्याने जी नाणी पाडली ती गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांच्या नावाने, स्वतःच्या नावाने नव्हेत. अठराव्या शतकात नाणे म्हणजे राजेपणाची खूण. त्यावरून आपले नाव वगळणे हे गोदाकाठी शिकलेल्या धड्याचे लेखी प्रमाण म्हणावे लागेल.

त्याहून मोठी गोष्ट गुरूंनी स्वतः केली. ऑक्टोबर १७०८ मध्ये देह ठेवताना त्यांनी पुढचा गुरू म्हणून कुणा माणसाला नेमले नाही. गुरुपद शिखांच्या धर्मग्रंथाकडे दिले. त्या गादीवर यापुढे कुणीच बसायचे नाही, असा तो निर्णय होता. आपल्याकडच्या मठांमठांतून गादीसाठी चाललेले कज्जे पाहिले म्हणजे त्याची थोरवी कळते. आणि ज्या ग्रंथासमोर नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात सारे जमिनीवर बसतात, त्यात नरसीच्या शिंप्याची, नामदेवांची, ६१ पदे आहेत. १६९९ मध्ये आनंदपूरला खालसा स्थापताना गुरूंनी ज्या पाच जणांना दीक्षा दिली आणि मग त्यांच्याकडूनच स्वतः घेतली, त्यांतले साहिबसिंग हे बिदरचे नाभिक होते. लातूर जिल्ह्याच्या शिवेपलीकडच्या नाभिकापुढे गुरूने ओंजळ धरली.

सचखंडची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. तिथे शिकवणीचे वर्ग भरत नाहीत, कामे असतात. डोके झाकायचे, माथा टेकवायचा, पंगतीत जमिनीवर बसून मिळेल ते खायचे, आणि जमले तर जोडे सांभाळायला किंवा भांडी घासायला उभे राहायचे. परक्याच्या धुळीने भरलेल्या चपला हाताळताना आपली पत आणि पदवी आठवण्याचे कारणच उरत नाही. वारकऱ्यांची एकमेकांच्या पाया पडण्याची रीतही याच जातीची. तीत वय पाहत नाहीत. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या टाळकऱ्याच्या पायांना हात लावतो. मनातले भाव बदलेपर्यंत वाट पाहण्याऐवजी आधी पाठ वाकवायला लावायची, ही सर्वच संप्रदायांची युक्ती आहे.

मौनाचा विचार आता करता येईल, कारण या प्रदेशातले मौन नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. इथली भक्ती गलबल्याची आहे. टाळ, मृदंग, नगारे, शंख, औशाच्या नाथसंस्थानचे गोल फिरत गायचे चक्रीभजन, लिंगायतांचे शिवनाम सप्ताह. तोंड मिटून बसणाऱ्याला इथे कुणी फार मान दिलेला नाही. मौन शिकवले जाते ते ऐकण्याच्या वाटेने. गुरुद्वारात रोज ग्रंथ उघडून जे पान येईल त्यातले वचन त्या दिवसाचा हुकूम म्हणून वाचतात. संगतीला त्यावर काही म्हणायचे नसते. कीर्तनात शेकडो माणसे एकच चरण घोळवतात, तेव्हा प्रत्येकाचा आवाज मोठा असतो पण वेगळा ऐकू येत नाही. शब्द आपले नाहीत, चाल आपली नाही, आणि स्वतःचे बोलणे तेवढा वेळ थांबलेले. याला मौन म्हणायला हरकत नसावी.

शुद्ध निःशब्द साधना पाहायची तर लिंगायतांच्या घरात पाहावी. लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर, मुखेड या भागांत हा समाज मोठा आहे, आणि मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाची पारायणे गावोगाव होतात. पण सप्ताहाच्या गजराइतकीच रोजची इष्टलिंगपूजा महत्त्वाची. गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, भस्म आणि बेल वाहायचे, आणि नजर त्यावर स्थिर करायची. मध्ये पुजारी नाही, गाभारा नाही, रांग नाही. देव हाताच्या तळव्याएवढा झाला की माणसाला मोठे राहणे अवघड जाते. देवळाच्या उंच शिखराखाली लहान वाटणे सोपे. तळहातावरच्या काळ्या लिंगापुढे लहान होणे याला सराव लागतो.

या साऱ्या शिकवणीला एक काळी बाजू आहे, आणि ती टाळून विषय पुरा होत नाही. ज्यांच्यापाशी काही आहे त्यांनी वाकावे, हा संतांचा रोख. समाजाने तो सोयीने फिरवला आणि जे आधीच वाकवलेले होते त्यांच्याकडून नम्रता वसूल केली. चोखामेळ्यांना पंढरपुरात देवळाबाहेर ठेवले आणि त्यांच्या नम्रतेचे गोडवे मात्र गायले. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दलितांविरुद्ध दंगली पेटल्या, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. मान ताठ ठेवणे हाच त्यांचा आणि त्यांच्यासारख्यांचा अपराध धरला गेला. दुसऱ्याला गप्प करणे आणि स्वतः गप्प होणे यांची गल्लत करणारा समाज देवळातल्या नम्रतेवर कितीही बोलला तरी ते बोलणे पोकळ ठरते.

ही गल्लत बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, ओळखली गेली होती. तिथल्या अनुभवमंटपात, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायी शरणांच्या सभेत, शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू होते आणि चर्चेत सर्व जातींचे शरण व शरणी बसत. हरळय्या या चर्मकार शरणाने वाटेत बसवेश्वरांना वंदन केले, तेव्हा राजा बिज्जळाच्या या मंत्र्याने उलट दुप्पट वंदन केले, अशी कथा आहे. हरळय्याला ते ऋण वाटले. त्याने आणि पत्नी कल्याणम्मा हिने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून आणले, आणि बसवेश्वरांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले. इथवर ही कथा भक्तीची आहे, आणि तशी ती आजही सांगितली जाते. पुढचा भाग कमी वेळा सांगतात. हरळय्याचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचे लग्न लागले. एकमेकांपुढे वाकणे रस्त्यावरच्या नमस्कारापुरते होते तोवर राज्याने ते चालवून घेतले होते. ते सोयरिकीपर्यंत पोचल्यावर बिज्जळाने दोन्ही बापांना ठार मारवले. कल्याणात उठाव झाला, बिज्जळ मारला गेला, आणि शरण चहूकडे पांगले.